मामाकडचा कोच आणि "एकदम नवा करून देतो" म्हणणारी मंडळी

सगळ्यात आधी एक सांगून टाकते. जुनं फर्निचर "एकदम नवं" करून देणारे पुण्यात गल्लोगल्ली आहेत, पण ते जुनंच ठेवून धड करून देईल असा माणूस शोधताना नाकी नऊ येतात, आणि माझा निम्मा वेळ आणि डोक्याचा बराचसा ताप ह्यातच गेला. बाकीचं काम म्हणजे धूळ, चुका (कापड ठोकायचे ते बारीक खिळे) आणि वाट बघणं.

कोच माझ्या आजोबांचा, आईच्या वडिलांचा. सांगलीतल्याच सुताराकडून बनवून घेतलेला, मोठ्या मावशीच्या जन्माआधीचा, म्हणजे १९५५ च्या आगेमागे. तीन माणसं ऐसपैस बसतील असा, सव्वासहा फुटी, सागवानी सांगाडा, गोलसर वळवलेले हात आणि पुढचे पाय कातीव. मामाने घर विकायचं ठरवलं तेव्हा तांब्याचा बंब, पितळी डबे, पाट ह्यावर सगळ्या भावंडांनी आधीच हक्क सांगून ठेवलेले, कोच तेवढा कोणालाच नको होता कारण एकतर तो कोणाच्या फ्लॅटमध्ये मावत नव्हता आणि दुसरं म्हणजे दिसायला भयाण होता, वर चॉकलेटी रेक्झीन, ते फाटून काथ्या बाहेर आलेला आणि बसलं की एक स्प्रिंग बरोब्बर नको तिथे टोचायची. मामा म्हणाला, "नेतेस का बोल, नाहीतर उद्या भंगारवाला येतोय." मी हो म्हणून टाकलं. नवरा फोनवर फक्त "बरं" म्हणाला, त्या "बरं"चा अर्थ वीस वर्षं संसार केलेल्या कुणालाही कळेल.

छोट्या टेम्पोतून पुण्याला आणला. लिफ्टमध्ये जाण्याचा प्रश्नच नव्हता, सेक्रेटरी काकांच्या हातापाया पडून गच्चीवरच्या शेडमध्ये ठेवायची परवानगी काढली आणि हमालांनी जिन्याने वर चढवला. ही शेड होती म्हणून पुढचं सगळं जमलं. असलं काम हॉलमध्ये होत नाही हो, पन्नास-साठ वर्षांची धूळ त्या गादीत बसलेली असते, ती उडते आणि मग घरात कोणी ना कोणी महिनाभर शिंकत राहतं. मास्क लावूनसुद्धा रोज संध्याकाळी माझ्या नाकातून काळं निघायचं. आणि हो, धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घेऊन ठेवा, गंजलेल्या चुका हाताला लागतातच.

उकलायचं काम मी स्वतः केलं आणि ते स्वतःच करावं असं माझं ठाम मत आहे, कारण कारागिराला दिलं तर तो टराटरा फाडून मोकळा होतो आणि आत काय कसं होतं ते कायमचं हातातून जातं. रेक्झीन निघालं तर त्याखाली फुलाफुलांचं छापील कापड, ते निघालं तर त्याखाली विटकं हिरवं शनील, प्रत्येक वेळी आधीचं न काढता त्याच्यावरच नवीन ठोकलेलं. प्रत्येक थराच्या वेगळ्या चुका, सगळ्या त्याच चार बोटांच्या लाकडात, त्यामुळे खालच्या पट्ट्यांची अक्षरशः चाळण झालेली. चूक काढायची एक पद्धत आहे, जुन्या स्क्रूड्रायव्हरचं टोक चुकेच्या डोक्याखाली तिरकं लावायचं आणि लाकडी हातोडीने हलकेच ठोकायचं, पण ठोका कायम लाकडाच्या रेषेच्या दिशेने द्यायचा, आडवा दिला की कपचा निघतो. एकदा लय सापडली की हे काम व्यसनासारखं लागतं, मी रेडिओ लावून तासन् तास बसायचे.

कापडाचा प्रत्येक तुकडा जपून ठेवला, त्यावर खडूने लिहिलं, पाठ आतली, पाठ मागची, बैठक, डावी बाजू वगैरे, कारण नवीन कापड बेतताना हेच नमुने म्हणून उपयोगी पडतात. शिवाय प्रत्येक थराला फोटो. पाठ आणि बैठकीच्या सांध्यात पाच पैशाची चौकोनी नाणी, केसांचे आकडे आणि लोकर विणायची एक सुई निघाली, ती सुई हरवल्याबद्दल आईने लहानपणी बोलणी खाल्ली होती म्हणे, तिला फोन करून सांगितलं तर म्हणाली, बघ, मी म्हणत होते ना.

शनीलाखाली कापूस, गोळे गोळे झालेला, त्याखाली काथ्या, त्याखाली गोणपाट जो हात लावला की भुगा होत होता, आणि मग स्प्रिंगा. खाली तागाच्या पट्ट्या होत्या त्या सैल होऊन पोट सुटल्यासारख्या लोंबत होत्या. स्प्रिंगा एकमेकींना बांधणारी सुतळी बहुतेक ठिकाणी तुटलेली, म्हणूनच ती एक बाई आडवी होऊन टोचत होती. मी सगळ्या स्प्रिंगा सोडवून फरशीवर उभ्या केल्या, आणि काय सांगू, दोन-तीन सोडल्या तर सगळ्या सारख्या उंचीच्या! म्हणजे लोखंडाला काही झालेलं नव्हतं, मेली होती ती फक्त सुतळी. हे लक्षात ठेवा, पुढे ह्याच्यावरून भांडण आहे.

मागच्या खालच्या पट्टीला बारीक बारीक भोकं दिसली, टाचणीच्या डोक्याएवढी, आणि जमिनीवर पिठासारखा पांढुरका भुसा. वाळवी म्हणून मी घाबरले, पण वाळवी असली तर मातीची बोगदेवजा वाट दिसते आणि आतून लाकूड पोखरून पोकळ होतं, हे तसं नव्हतं, हा लाकूड खाणारा भुंग्याच्या जातीचा किडा. सागवानाचा गाभा किडे सहसा खात नाहीत पण कडेचं पांढरट लाकूड असतं ना, ते सागाचं असलं तरी खातात, आणि आमच्या सुताराने मागे दिसत नाही म्हणून नेमकं तेच वापरलं होतं. पंचावन्न साली पण लोक चलाख होतेच की. लाकडाला लावायचं कीडनाशक आणलं, हातमोजे घालून सिरिंजने एकेका भोकात सोडलं, मग ती पट्टी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवून दिली आणि नंतर खाली काळा कागद पसरला, नवीन भुसा पडतोय का बघायला. पडला नाही. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर हे सगळं लांब कुठेतरी करा.

आता मंडळींची एंट्री. पहिला सुतार. सांगाडा डुगडुगत होता, पुढची पट्टी आणि हात ह्यांचे सांधे ढिले पडलेले. सुतारदादांनी कोच हलवून बघितला, म्हणाले, "ताई, चार एल पट्ट्या मारतो, आठ स्क्रू, दहा मिनिटांत काम." मी म्हटलं नको. का नको हे समजावायला मात्र दहा मिनिटांपेक्षा जास्त लागली. ह्या कोचात लोखंडी खिळा एकही नाही, सांगाड्यात म्हणजे, सगळे सांधे एकात एक बसवलेले आणि आरपार बांबूची मेख ठोकलेली. त्यात स्क्रू घातला तर आज घट्ट बसेल, पण माणूस बसला-उठला की लाकूड हलतं आणि स्क्रू काही हलत नाही, मग चार-पाच वर्षांनी तिथूनच चीर जाते. आमच्या सोसायटीतल्या तीन-चार डायनिंगच्या खुर्च्या अशाच गेल्यात, मी बघितल्यात.

दादा जरा नाराज झाले पण उत्सुकही होते, त्यांच्या वडिलांनी असलं काम केलेलं त्यांनी पाहिलेलं होतं. मेखा मागच्या बाजूने ठोकून काढल्या, काही निघाल्या, काही ड्रिलने काढाव्या लागल्या. आत सरस होता. फेविकॉल १९५९ ला आलं, त्याआधी सुतार हा जनावरांच्या हाडा-कातड्याचा सरसच वापरायचे, गरम करून, भयंकर वास येणारा, पण त्याचा एक मोठा गुण म्हणजे गरम पाण्याने तो परत मऊ होतो. गरम पाण्यात थोडं व्हिनेगर घालून फडका सांध्यावर गुंडाळून ठेवला, मग दादांनी हलक्या हाताने ठोकत सांधा मोकळा केला, लाकडाला ओरखडासुद्धा नाही. जुना सरस पटाशीने पूर्ण खरवडला, हे फार महत्त्वाचं, कारण जुन्या सरसावर फेविकॉल धरत नाही, तो लाकडात मुरला पाहिजे. आम्ही फेविकॉलच वापरलं, सरस शिजवायची माझी तयारी नव्हती. एवढा मोठा शिकंजा दादांकडे नव्हता, तर त्यांनी सांगाड्याभोवती जाड दोरी दुहेरी गुंडाळली, मध्ये काठी घातली आणि पीळ देत देत सांधे आवळले, कोपऱ्यात गोधडीचे तुकडे घातले म्हणजे दोरीचे वळ लाकडावर उठायला नकोत. एक रात्र तसंच. दुसऱ्या दिवशी बांबूच्या नवीन मेखा. आतून चार कोपऱ्यांना सागाचे तिकोनी ठोकळे चिकटवले, ही माझ्याकडून दादांना दिलेली सूट, आणि खरं सांगायचं तर ती सूचना त्यांचीच होती आणि चांगली होती. चुकांनी चाळण झालेल्या पट्टीत सागाचाच भुसा आणि फेविकॉल कालवून भरलं, किडकी मागची पट्टी मात्र पूर्ण बदलली, त्यासाठी भवानी पेठेतल्या लाकूडबाजारातून जुन्या घराच्या पाडकामातला सीपी सागाचा तुकडा आणला. सीपी म्हणजे आपल्याच विदर्भाकडचा, चंद्रपूर-गडचिरोलीचा, आलापल्लीचा साग. रंगाने जुन्याशी जुळतो, नवीन ओलं लाकूड आणलं असतं तर नंतर वाकलं असतं.

मग पॉलिश. एक जण आला, कोचाकडे नीट बघितलंसुद्धा नाही, म्हणाला, सगळं घासून पांढरं करतो, वॉलनट शेड मारतो, वर मेलामाइन, काचेसारखं चमकेल. दुसरा पीयू म्हणाला, म्हणजे पॉलियुरेथेन, तेही तसलंच केमिकलचं पॉलिश. तिसऱ्याने फोनवरच रेट सांगितला. मी सगळ्यांना थांबवलं आणि आधी बघितलं की लाकडावर आहे काय. हे घरच्या घरी करता येतं, हाताच्या खालच्या बाजूला जिथे दिसत नाही तिथे कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून जरा वेळ टेकवायचा, पॉलिश चिकट होऊन कापसाला तपकिरी रंग आला तर चपडीचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हीने ढिम्म हललं नाही तर मेलामाइन नाहीतर पीयू. आमचं पहिल्या बोळ्यालाच चिकट झालं, आणि मला फार आनंद झाला, कारण चपडीचं पॉलिश असेल तर ते खरवडावं लागतच नाही. नवीन चपडीतलं स्पिरिट जुन्या थराला थोडं विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात. मेलामाइनचं तसं नाही, त्याच्याखाली जुनी चपडी राहिली तर ते नीट धरत नाही, म्हणून त्या लोकांना सगळं घासायला लागतं, आणि घासलं की सागाला इतक्या वर्षांत आलेला तो मधासारखा रंग भुशात जातो, खाली निघतं ते फिकट कोरं लाकूड, मग त्याला शेड मारा, म्हणजे आधी खरं घालवायचं आणि मग त्याचं सोंग आणायचं. मला हे काही झेपत नाही.

पण अगदी प्रामाणिकपणे, वरवर बघता तो रंग मधासारखा वगैरे मुळीच दिसत नव्हता, काळाकुट्ट दिसत होता. तो काळेपणा म्हणजे तेलाचे हात, धूळ आणि वर कधीतरी लावलेलं मेण. टर्पेंटाइनमध्ये फडका भिजवून पुसत गेले, टर्पेंटाइनने मेण आणि मळ निघतो पण चपडीला धक्का लागत नाही. फडके किती काळे झाले विचारू नका, आणि असे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकायचे नाहीत, उघड्यावर पसरून वाळवायचे. तेलाचे फडके, विशेषतः अळशीच्या तेलाचे, गुंडाळून ठेवले तर आपोआप पेटू शकतात. दोन दुपारी घासल्यावर पाठीच्या वरच्या पट्टीवर सागाच्या रेषा दिसायला लागल्या आणि नवरा पहिल्यांदाच गच्चीवर आला आणि म्हणाला, अरे, हे लाकूड आहे होय.

एवढ्यात पाऊस आला. जून ते सप्टेंबर पॉलिशला हात लावायचा नाही, हे मला चौथ्या पॉलिशवाल्याने सांगितलं, आणि तोच मला पाहिजे असलेला माणूस निघाला. हे काका सत्तरीचे, पूर्वी नाना पेठेत काम करायचे, आता मुलगा मॉड्युलर किचनचं काम घेतो आणि हे घरीच असतात. म्हणाले, "ताई, दसऱ्यानंतर या. हवेत दमट असलं की चपडी पांढरी पडते, आत पाणी अडकतं. आत्ता पैसे घेऊन करून देईन, पण तुम्ही मला शिव्या द्याल." पैसे मिळत असताना काम पुढे ढकलणारा माणूस मी लगेच पकडून ठेवला.

दसरा झाल्यावर त्यांना रिक्षाने घेऊन आले. बोहरी आळीतून चपडी, स्पिरिट, काचपेपर आणलं. चपडी म्हणजे लाख, पळस, बोर, कुसुम असल्या झाडांवरच्या किड्यांनी सोडलेली, आपल्याकडे सगळ्यात जास्त झारखंडात होते. गंमत म्हणजे आजोबांकडे ७८ आरपीएमच्या तबकड्या होत्या त्याही ह्याच लाखेच्या. काकांनी लिटरभर स्पिरिटला साधारण पाव किलो चपडी काचेच्या बरणीत रात्रभर भिजवली, लोखंडी डब्यात ठेवायची नाही, काळी पडते, सकाळी मलमलीतून गाळली. मग कापसाची गुंडी जुन्या धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून तिला अंगठ्याएवढं टोक काढलं, आणि सुरू. गोल गोल फिरवत, मग रेषेरेषेने सरळ, आणि हात लाकडावर असताना कधीही थांबवायचा नाही, थांबला की गुंडी चिकटते आणि खालचा थर उचलून आणते. मध्येच गुंडीवर अळशीच्या तेलाचा एक थेंब, ती सरकायला. थर इतके पातळ की पहिले चार-पाच देऊन काही फरकच दिसत नाही, मग अचानक दिसतो. थर मधूनमधून वाळू द्यायचे, झिजलेल्या बारीक काचपेपरने हलकेच फिरवायचं, परत थर. काकांनी मला पाठीची मागची बाजू करायला दिली, माझा हात बघून दोनदा "अंहं" म्हणाले, आणि मग काही म्हणाले नाहीत, त्यावरून मी समजले की बरं चाललंय. हातांच्या टोकांना, जिथे तळवे टेकून टेकून पॉलिश पार उडालेलं, तिथे त्यांनी चपडीत चिमूटभर गेरू आणि पिवडी घालून रंग असा जुळवला की आता मलाही शोधावं लागतं.

आता स्प्रिंगा. पहिला सोफावाला मुलगा हुशार, भराभर बोलणारा, त्याने पोत्यातल्या स्प्रिंगा बघितल्या आणि म्हणाला, "मॅडम, ये सब भंगार में डालो, नीचे प्लाय मारते, ऊपर चार इंच फोम, शोरूम जैसा हो जाएगा." तो चूक सांगत नव्हता, निम्मं पुणं तसंच बसतंय. पण हा सांगाडा स्प्रिंगांसाठी बनलाय, पट्ट्या खोल आहेत, तिथे प्लाय मारला की आतली सगळी जागा वाया आणि बसणाऱ्याला पाटावर उशी ठेवून बसल्यासारखं वाटणार. त्याला स्प्रिंगा बांधता येतात का विचारलं तर हसला, म्हणाला, मेरे अब्बा को आता था. मग त्याच्या अब्बांचा पत्ता घेतला! कॅम्पात राहतात, चाचा म्हणतात सगळे त्यांना, आयुष्यभर गाड्यांच्या सीटा आणि जुन्या बंगल्यांतले कोच केलेत. ते गच्चीवर आले, चहा घेतला, स्प्रिंग हातात घेऊन दाबली, सोडली, म्हणाले, "ये आज का माल नहीं है बेटा."

बांधायचं काम मी पूर्ण बघितलं. खाली तागाच्या नवीन पट्ट्या, आडव्या-उभ्या एकमेकींत विणून, प्रत्येक पट्टी लाकडी ठोकळ्याने ताणून ठोकलेली, तबल्यासारखा आवाज आला पाहिजे. इथे इलॅस्टिकची पट्टी चालत नाही, गोल स्प्रिंगांखाली न ताणणारीच लागते, नाहीतर स्प्रिंग दाबली जायच्या ऐवजी पट्टीच खाली जाते. त्यावर स्प्रिंगा उभ्या करून प्रत्येक स्प्रिंग पट्टीला वाकड्या सुईने शिवली. मग वरून बांधणी, मेण लावलेली जाड सुतळी, पुढून मागे, डावीकडून उजवीकडे आणि मग दोन्ही तिरप्या दिशांनी, म्हणजे प्रत्येक स्प्रिंगला आठ बाजूंनी ओढ. प्रत्येक स्प्रिंग इंच-दीड इंच दाबून बांधायची, आणि प्रत्येक ठिकाणी गाठ, नुसता वेढा नाही, म्हणजे एक धागा तुटला तरी बाकीचे धरून राहतात. कडेच्या थोड्या खाली, मधल्या वर. चाचा बोटं न बघता चालवत होते आणि मुलाला शिव्या घालत होते, मुलगा मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. शेवटी मी बांधलेल्या स्प्रिंगांवर नुसतीच बसले, वर काही नसताना, एकही टोचली नाही.

वर गोणपाट, त्यावर काथ्या, तो जुनाच, उन्हात दोन दिवस वाळवून, झटकून, पिंजून घेतलेला. ह्याच्यावर मला फक्त कापूस हवा होता, फोम अजिबात नको म्हणून मी हटून बसलेले, पण चाचांनी मला निरुत्तर केलं, म्हणाले, कापूस डालता हूं, पर दो-तीन साल में गोले बनेंगे, फिर पिंजारी किधर से लाओगी? खरंच की. लहानपणी दारावर तो धनुकलीचा टणत्कार करत पिंजारी यायचा, आता कुठाय. म्हणून काथ्यावर एक इंच फोम आणि त्यावर कापसाचा पातळ थर. फोम घेताना एक करा, दुकानदार ४० डेन्सिटी म्हणतो ते वजन करून बघा. ४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो, त्या हिशोबाने सहा बाय तीन फुटी, एक इंच जाडीचा शीट पावणेदोन किलोच्या आसपास भरायला हवा, २८ चा असेल तर सव्वाच्याही आत. मी पहिल्या दुकानात वजन करायला सांगितलं तर तो म्हणाला काटा बिघडलाय. दुसऱ्या दुकानात केलं. आणि डेन्सिटी म्हणजे कडकपणा नाही, मऊ फोमसुद्धा ४० चा असतो, ती टिकाऊपणाची गोष्ट आहे.

कापडावरून घरात जे झालं ते फार लिहीत नाही. आत्या म्हणाली सोलापुरी चादर लाव, बहीण म्हणाली खणाचं कर, खूप ट्रेंडिंग आहे. खण उशांच्या अभ्र्यांना छान दिसतो पण बैठकीला टिकत नाही, शिवाय पन्हा जेमतेम ३०-३२ इंच, सव्वासहा फुटी बैठकीला किती जोड देणार. सोफ्याच्या कापडाचा पन्हा ५४ इंच असतो, तरी तीन भाग जोडावेच लागले, जोड बरोबर तिघांच्या बसायच्या जागांच्या मध्ये येतील असे बेतले. दुकानात कापडाच्या मागे मार्टिंडेल म्हणून आकडा लिहिलेला असतो, ते कापड किती घासलं तर झिजतं ह्याचं माप, रोजच्या वापराला २५,००० च्या पुढचं घ्यावं. मी जाड, साध्या विणीचं गडद हिरवं घेतलं, सगळ्यात आतल्या शनीलाच्या जवळ जाणारं. शनीलच घेणार होते, पण त्याची लव एकाच दिशेला बसवावी लागते, कापड वाया जातं, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये शनीलावर कोण बसणार. कडेची पाइपिंग त्याच कापडाची, उरेब म्हणजे तिरपी कापून, सरळ कापली तर कोपऱ्यात चुण्या पडतात. चाचांनी स्टेपलर गनला हात लावला नाही, चुकाच मारल्या, तोंडात धरून एकेक, बघून माझ्या पोटात गोळा यायचा.

खर्च लोक आवर्जून विचारतात. सगळं धरून मॉलमध्ये एक बऱ्यापैकी नवीन थ्री-सीटर आला असता तेवढा झाला, थोडा जास्तच. त्यात सगळ्यात मोठा भाग चाचांची मजुरी आणि कापड, सगळ्यात स्वस्त काय तर चपडी. म्हणजे पैसे वाचवायचे असतील तर ह्या वाटेला जाऊ नका, आणि लाकूड जर सागवान-शिसवी नसून प्लायवर सनमायका असेल तर मुळीच जाऊ नका, तिथे तो चार इंच फोमवाला मुलगाच बरोबर आहे. आणि चपडीचं पॉलिश नाजूक असतं हे मान्य करून घ्या, गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं, सॅनिटायझर सांडलं तर संपलंच, त्यात अल्कोहोल असतं. आमच्याकडे हातावर कप ठेवायला बंदी आहे, सासूबाई सोडून, त्यांना कोण सांगणार. वर्तुळ उठलं तर मी गुंडी घेऊन बसते, स्पिरिटचा नुसता वास येईल इतकी ओली करून दोन हात मारले की जातं, मेलामाइनवर हे जमत नाही.

कोच हॉलमध्ये आणताना दाराची एक चौकट खरचटली, ती दादांनी येऊन नीट केली, पैसे घेतले नाहीत, पण कोचाभोवती दोन फेऱ्या मारून आपण केलेले सांधे हलवून बघितले. चाचांच्या मुलाने त्या व्हिडिओवर एका बंगल्याचं काम मिळवलंय, स्प्रिंगांचं. आता बरणीत उरलेली चपडी आहे. स्पिरिटमध्ये कालवलेली चपडी वर्षभराच्या आत वापरलेली बरी, नंतर ती धड वाळतच नाही, चिकचिकत राहते, म्हणून देव्हारा आणि पाट झाले, समोरच्या आजींचं स्टूल झालं, आणि परवा सेक्रेटरी काका सोसायटीच्या ऑफिसातली वेताची खुर्ची घेऊन वर आले, म्हणे गच्चीचं भाडं.